बातमीचे वाटेकरी कोण?

वाचकहो, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर हे स्थानक आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे. फलाटावरील एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते आणि गाडीची सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांतून दिली जाते. रेल्वेने उतारूंच्या सोयीसाठी एवढे केले, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या बाकावर बसलेल्या मावची वा भिल्ल उतारूची मायबोली या चारांत नाही. तो घरी जातो, दूरचित्रवाणीचा संच लावतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या तालुक्याची बातमी त्याला कोणाच्या तोंडून ऐकू येते, आणि ती सांगावी की न सांगावी हे कोण ठरवितो? आजच्या लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार आपणांपुढे ठेवणार आहोत.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्या समाजाची बातमी दुसऱ्याच्या हाती असते, त्याचे गाऱ्हाणेही दुसऱ्याच्याच हाती असते, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढला तो याच जाणिवेने. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ अशी ही परंपरा चालत आली. परंतु केवळ आपले पत्र काढून भागत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. त्या काळी देशभर बातम्या पुरविणारी मुख्य संस्था असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया ही होती. तिच्यात एकाच वर्णाच्या लोकांचा भरणा आहे आणि त्यांच्या राजकीय मतास न मानवणाऱ्या बातम्यांना तेथून वाट मिळत नाही, असे त्यांनी आपल्या इंग्रजी लेखनात स्पष्ट नमूद केले. एखाद्या संपादकाच्या पक्षपातापेक्षा हा आक्षेप फार खोल होता. अनेक पत्रे ज्या एका नळाचे पाणी भरतात, त्या नळाची तोटी कोणाच्या हाती आहे, असा त्यांचा प्रश्न होता. तोच प्रश्न आज दूरचित्रवाणीस लावून पाहिला पाहिजे.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेऊ. मराठीत चोवीस तास बातम्या देणारी पहिली वाहिनी, ‘झी २४ तास’, २००७ साली सुरू झाली. त्याच वर्षी ‘स्टार माझा’ आली आणि २०१२ मध्ये तिचे नाव ‘एबीपी माझा’ झाले. २००८ मध्ये आलेली ‘आयबीएन लोकमत’ आता ‘न्यूज१८ लोकमत’ या नावाने चालते. २०२४ मध्ये ‘एनडीटीव्ही मराठी’ची भर पडली. या वाहिन्या मराठी बोलत असल्या तरी त्या मोठ्या मातृसंस्थांच्या शाखा आहेत, आणि त्या मातृसंस्थांच्या वाहिन्या हिंदीत आणि इतर भाषांतही आहेत. जिल्ह्यातील बातमीदार चित्रफीत मुंबईस धाडतो. मुंबईच्या कचेरीतील मंडळी तिची निवड करतात. निवडलेली चित्रफीत संस्थेच्या सामाईक साठ्यात जाते व तेथून हिंदी भगिनी ती उचलते, गुजराती भगिनी उचलते आणि आपापला मथळा तिला देते. उलट दिशेने दिल्लीचे राजकारण, संसदेतील गदारोळ, सीमेवरील तणाव यांची चित्रे तयार स्वरूपात मुंबईस येतात. एका कॅमेऱ्याचे काम अनेक वाहिन्यांना पुरते, खर्च वाचतो आणि बातमी क्षणार्धात देशभर पोचते.

सरकारी दूरदर्शनची रीत थोडी निराळी असली तरी सांगाडा तोच आहे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहाच्या द्वारे सर्वत्र दिसू लागला आणि पुढे लहान लहान गावांत लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. या केंद्रांचे वैशिष्ट्य असे की त्यांना जीभ होती, पण डोळे व कान नव्हते. वरून आलेला कार्यक्रम त्यांनी पुढे ढकलावयाचा, खालचे काहीही वर पाठवावयाचे नाही. १९९४ साली मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली, तीच आजची सह्याद्री. तिच्यावरील मराठी बातम्या प्रादेशिक वृत्त विभाग तयार करतो आणि जिल्ह्यांतून त्यास बातमी पुरविणारे लोक बहुधा नेमणुकीचे नोकर नसतात, तर बातमीगणिक मोबदला घेणारे स्ट्रिंगर असतात. १३ मार्च २०२४ रोजी प्रसार भारतीने ‘शब्द’ नावाची सेवा सुरू केली. देशभरच्या आपल्या वार्ताहरांनी व स्ट्रिंगरांनी पाठविलेल्या बातम्या, चित्रफिती व ध्वनिफिती तिच्यातून इतर लहानमोठ्या वृत्तसंस्थांनाही मिळू लागल्या, आणि पहिले वर्ष ती विनामूल्य ठेवण्यात आली. बातमी वाटून घेण्याचा हा देशातील सर्वांत मोठा सरकारी प्रयोग म्हणावयास हरकत नाही.

आम्ही वाटणीच्या विरुद्ध नाही, हे येथेच सांगून टाकतो. सातपुड्याच्या प्रत्येक पाड्यावर प्रत्येक वाहिनीने आपला कॅमेरा ठेवावा, असे म्हणणे वेडेपणाचे होईल. किंबहुना वाटणी झाली नसती तर नंदुरबार जिल्ह्याची कित्येक गाऱ्हाणी जिल्ह्याबाहेर गेलीच नसती. २०२२ सालची गोष्ट आपणांस आठवत असेल. धडगाव तालुक्यात एका विवाहित आदिवासी स्त्रीचा मृत्यू झाला. पोलिसांनी ती आत्महत्या ठरविली. तिच्या पित्यास ते मान्य नव्हते. त्याने मुलीचे प्रेत मिठात पुरून सुमारे दीड महिना जपून ठेवले आणि पुन्हा शवविच्छेदन करावे अशी मागणी धरली. मिठातील प्रेताची बातमी वाहिन्यांवरून व पत्रांतून देशभर गेली. त्यानंतर ते प्रेत मुंबईस सरकारी रुग्णालयात आणून त्याची फेरतपासणी करण्यात आली. येथे बातमीच्या वाटणीने एका दुर्बळ माणसाचा आवाज राजधानीपर्यंत नेला, हे नाकारता येणार नाही.

परंतु वाचकहो, त्या दीड महिन्याचा विचार करा. मुलीचा मृत्यू संशयास्पद आहे, एवढे म्हणणे बापाला पुरेसे झाले नाही. प्रेत मिठात ठेवावे लागले. म्हणजे डोंगरातील माणसाची बातमी वरपर्यंत जाण्यासाठी तिला असे काही भयंकर रूप यावे लागते, की जे दिल्लीतील प्रेक्षकास थक्क करील. न्यायाची मागणी ही बातमी ठरत नाही, मीठ ही बातमी ठरते.

याच जिल्ह्याचा गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहा. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर तालुक्यातील कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे निष्पन्न झाले. भारतातील ती पहिली साथ होती. मराठीत चोवीस तास चालणारी वृत्तवाहिनी तेव्हा नव्हती, तरी देशभरचे कॅमेरे नवापुरात जमले. लक्षावधी कोंबड्या मारण्यात आल्या, त्याची चित्रे घरोघरी पोचली. साथ ओसरताच कॅमेरेही ओसरले. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी आल्या आणि देशातील पहिला आधार क्रमांक तेथील एका स्त्रीस देण्यात आला. त्या दिवशी टेंभलीचे नाव साऱ्या देशाने ऐकले. पुढे काही पत्रांचे बातमीदार पुन्हा तेथे गेले तेव्हा, क्रमांक मिळाला पण रोजगार मिळाला नाही, असे गावकऱ्यांनी त्यांना सांगितले. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूवाचून शहरांतील माणसे तडफडत होती, तेव्हा नंदुरबारने आधीच प्राणवायूचे प्रकल्प उभारून ठेवले होते. स्वतः भिल्ल समाजातून आलेले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांचे त्याबद्दल देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच झाले.

या प्रसंगांवरून एक नियम दिसून येतो. जिल्ह्याची बातमी मातृसंस्था तेव्हाच उचलते, जेव्हा त्या बातमीत वरच्यांचा काही संबंध असतो. कोंबड्यांचा रोग शहरांत येईल ही भीती, पंतप्रधानांचे आगमन, शहरांतील प्राणवायूचा तुटवडा, किंवा अंगावर काटा आणणारे दृश्य. यांपैकी काहीही नसेल तर जिल्हा वर्षानुवर्षे मुका राहतो. अक्कलकुवा व धडगाव भागातील बालकांचे कुपोषण, उसाच्या तोडणीसाठी दरवर्षी गुजरातेत जाणारी कुटुंबे, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मागितलेल्या जमिनींचे दावे, पावसाळ्यात आजाऱ्याला झोळीत घालून डोंगर उतरणारी माणसे, या रोजच्या गोष्टी आहेत. त्या रोजच्या आहेत म्हणूनच त्यांना बातमी मानले जात नाही. अन्याय नित्याचा झाला की तो वृत्तमूल्य गमावतो, हा या धंद्याचा नियम आहे; आणि नित्याचा अन्याय सोसणे हेच ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांना या नियमाने दुहेरी दंड होतो.

सीमेचा प्रश्न तर याहून विलक्षण आहे. सरदार सरोवराचे धरण गुजरातेत आहे. त्याच्या जलाशयाची झळ महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांना बसली ती सर्व आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील आहेत. १७ सप्टेंबर २०१७ रोजी या धरणाचे लोकार्पण झाले. तो समारंभ आपण पाहिला असेल. आपण आपल्याच स्मृतीस विचारावे, की त्या दिवशी भिंतीच्या पुढील पाटाविषयी किती ऐकले आणि भिंतीमागील मणिबेलीविषयी किती? एकाच मातृसंस्थेची एक कन्या गुजराती बोलते, दुसरी मराठी बोलते. चित्रे वाटून घेण्याची सोय दोघींमध्ये आहे. मग विस्थापितांचे गाऱ्हाणे सीमा ओलांडून गुजराती प्रेक्षकाच्या घरात का जाऊ नये? साधनांची अडचण येथे नाही, ती निवड करणाऱ्यांच्या मनात आहे.

निवड करणारे कोण, हे पाहिल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. २००६ साली दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांमधील निर्णयाच्या जागांवर असलेल्या ३१५ पत्रकारांची पाहणी झाली. त्यांत अनुसूचित जातीचा वा जमातीचा एकही मनुष्य आढळला नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांनी पुन्हा पाहणी केली. वृत्तसंस्थांतील नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्च जातींचे लोक होते. अनुसूचित जाती-जमातींचा कोणीही त्यांत नव्हता. तेरा वर्षांत वाहिन्या वाढल्या, यंत्रे बदलली, पण तोटीवरचा हात बदलला नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चार जणांची निर्घृण हत्या झाली, आणि पहिले कित्येक दिवस या घटनेस तिच्या क्रौर्याच्या मानाने जागा मिळाली नाही. नोव्हेंबरात विदर्भातील जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा कोठे देशाला ती कळली. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेस टेंभलीच्या समारंभाला मात्र प्रसिद्धीची वाट पाहावी लागली नाही. या दोन तारखांचा मेळ केवळ योगायोगाचा आहे. परंतु सत्तेची बातमी आणि पीडिताची बातमी यांच्या चालण्यात किती अंतर आहे, हे त्यावरून ध्यानी येते.

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की वाहिनी हा धंदा आहे आणि डोंगरातील प्रेक्षक जाहिरातदारास नको असतो. खाजगी वाहिनीच्या तोंडी हे उत्तर एक वेळ शोभेल, तरी तेही पुरे नाही. आकाशलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला आहे. नोव्हेंबर २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणे वाहिन्यांना रोज अर्धा तास लोकहिताचा मजकूर दाखवावा लागतो, आणि त्याच्या विषयांत दुर्बल घटकांचे कल्याण हा एक विषय आहे. मात्र हा मजकूर वाहिन्यांना आपसांत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे राजधानीत एक गुळगुळीत चित्रपट तयार करून तोच सर्व भगिनींनी दाखविला तरी कर्तव्य पार पडले असे म्हणता येते. वाटणीचा असा उपयोग झाला तर कायद्याचा हेतू वाटेतच गळून पडेल.

दूरदर्शनला तर धंद्याची सबब सांगण्याचा अधिकारच नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला. त्याच्या १२ व्या कलमात या संस्थेची कर्तव्ये दिली आहेत. सामाजिक न्यायाचा पुरस्कार करणे, पिळवणूक, विषमता व अस्पृश्यता यांच्याशी झगडणे, निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतींना व भाषांना पुरेसे स्थान देणे, आणि ग्रामीण व दुर्बल जनतेची तसेच सीमेवरील, मागास व दुर्गम भागांतील लोकांची सेवा करणे, ही त्यांपैकी काही होत. वाचकहो, नंदुरबार जिल्हा राज्याच्या सीमेवर आहे, मागास आहे, दुर्गमही आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे त्याच्या १६ लाख ४८ हजार लोकसंख्येपैकी शेकडा ६९ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. कायदा लिहिणाऱ्यांनी जणू हा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवूनच ते शब्द लिहिले असावेत. मग त्यांची फेड मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे.

दुसरे उत्तर असे की भिली, पावरी, मावची, वसावी या बोलीत बोलणाऱ्याचे म्हणणे मुंबईस कोणास कळणार? आमचे म्हणणे असे की त्याचे बोलणे जसेच्या तसे ऐकू द्यावे आणि खाली मराठीत अर्थ लिहावा. परदेशी मुत्सद्द्याच्या बाबतीत हेच केले जाते. आज पुष्कळदा असे होते की आदिवासी स्त्री पडद्यावर बोलताना दिसते, पण आवाज निवेदकाचा ऐकू येतो. तिचे तोंड घेतले जाते आणि वाणी टाकून दिली जाते.

इतर देशांनी ही वाटणी निराळ्या रीतीने केली आहे. पश्चिम जर्मनीत १९५० साली प्रादेशिक प्रसारण संस्थांनी एकत्र येऊन ‘एआरडी’ हा संघ स्थापला. त्यांची राष्ट्रीय बातमी हॅम्बुर्गहून जाते, पण ती सर्व प्रादेशिक संस्थांच्या सहकार्यावर उभी आहे. तेथे आईने कन्या जन्मास घातल्या नाहीत, कन्यांनी मिळून आई उभी केली. इंग्लंडात बीबीसीने २०१८ पासून स्थानिक वृत्तपत्रांत शंभराहून अधिक वार्ताहर आपल्या खर्चाने ठेवविले आहेत. त्यांनी नगरपालिकांच्या व स्थानिक मंडळांच्या कारभारावर लक्ष ठेवावे आणि त्यांची बातमी सर्व सहभागी संस्थांना मिळावी, अशी ती योजना आहे. मोठी संस्था पैसा देते आणि पाहणारा डोळा स्थानिकच राहतो. हे आपल्याकडे अशक्य का असावे?

म्हणून आमची मागणी थोडक्यात अशी आहे. प्रादेशिक वृत्त विभागाने प्रत्येक आदिवासी जिल्ह्यासाठी किमान एक वार्ताहर कायम वेतनावर नेमावा, तो त्या भागाची बोली जाणणारा असावा, आणि या नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींना त्यांचा न्याय्य वाटा मिळावा. स्ट्रिंगरने पाठविलेली चित्रफीत जितक्या वाहिन्या वापरतील तितक्या वेळा त्यास मोबदला मिळावा. कारण ज्याला बातमीगणिक मजुरी मिळते तो भुकेपोटी समारंभाचीच बातमी पाठवील, कुपोषणाची चौकशी करण्यास चार दिवस डोंगरात राहणार नाही. वर गेलेल्या बातमीचा मथळा वा अर्थ बदलला गेल्यास मूळ वार्ताहरास हरकत घेण्याचा व दुरुस्ती मागण्याचा अधिकार असावा. आणि जी बातमी एकदा देशभर दाखविली, तिचे पुढे काय झाले हे सांगण्याचे बंधन मातृसंस्थेवर असावे.

परंतु मागणी करून स्वस्थ बसणे आपल्या चळवळीच्या शिकवणुकीस धरून नाही. आपल्या हातीही काही आहे. प्रत्येक तालुक्यात चार शिकलेल्या तरुणांनी एकत्र यावे. गावात काय घडले, कोणत्या तारखेस घडले, तक्रार कोठे दिली, तिची पोच मिळाली की नाही, याची नोंदवही ठेवावी. हातातील फोनने काढलेले चित्र तारीख व ठिकाण यांसह जपून ठेवावे. ऐकीव गोष्ट बातमी म्हणून पाठवू नये. एक खोटी बातमी शंभर खऱ्या बातम्यांचा विश्वास घालविते. जिल्ह्याच्या वार्ताहरास भेटावे, त्याने न घेतल्यास मुंबईच्या वृत्त विभागास लेखी कळवावे, आणि कलम १२ चा उल्लेख करून उत्तर मागावे. बौद्ध, आदिवासी, भटके या सर्वांनी हे काम मिळून करावे, कारण न ऐकले जाण्याच्या बाबतीत आपण सारे एकाच पंक्तीला बसलो आहोत.

बातमी वाटून घेण्याची सोय आता गावोगाव पोचली आहे. वाटणीच्या पाटावर आपण मात्र अजून केवळ वाढलेले खाणारे आहोत. स्वयंपाकात आपला हात लागल्यावाचून आपल्या घरातील दुःख त्या ताटात येणार नाही. नवापूरच्या त्या बाकावर बसलेल्या उतारूस त्याच्या गाडीची वेळ चार भाषांत कळते. त्याच्या मुलीच्या मृत्यूची दाद लागली की नाही, हे त्याला त्याच्या भाषेत कळेल, तेव्हाच वाटणी न्यायाची झाली असे आम्ही म्हणू.